ठसा कुणाचा? तिसरीच्या वर्गातल्या जपानी छापखान्याचं प्रकरण

"हे माझं चित्र नाहीये," म्हणत तिने ओला कागद टेबलावर पालथा टाकला. टेबलावर निळा डाग उमटला. तो पुसायला कुणी उठलं नाही, कारण गटातल्या बाकीच्या तिघांची तोवर जुंपली होती. कोरणारा म्हणत होता, मी तर तुझ्याच रेषेवरून पेन्सिल फिरवली. छापणारी म्हणत होती, मी नीट घासलंय, बघा ना बाई. आणि चौथा, ज्याला आम्ही 'प्रकाशक' नेमलं होतं, तो मला शांतपणे विचारत होता की हा छाप मोजणीत धरायचा की नाही.

तिसरीचा वर्ग, 32 मुलं, वय 8 ते 9. आठवड्यातून एकदा दोन तासिका जोडून, असे सहा आठवडे. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवरून मुलांना छापचित्रं शिकवायची, ही कल्पना माझीच. पानांचे, बोटांचे ठसे आधी झाले होते. शाईचा रोलर मात्र मुलांच्या हातात पहिल्यांदाच जाणार होता, आणि एवढ्या मोठ्या वर्गात रोलर सोडण्याची माझीही पहिलीच वेळ. वरचं भांडण चौथ्या आठवड्यातलं आहे. पण ते समजायचं तर पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण पहिली चूक माझी होती.

बत्तीस लाटा

पहिल्या दिवशी मी बहुतेक जण करतात तेच केलं. जपानी चित्रकार होकुसाईची 'कानागावाची महालाट' मोठी छापून फळ्यावर लावली, प्रत्येकाला एक पातळ फोमशीट आणि बोथट पेन्सिल दिली आणि सांगितलं, ही लाट काढा. फोमवर पेन्सिल दाबली की खाच पडते, वरून शाई फिरवली की खाच कोरी राहते, कागद ठेवून घासलं की झालं चित्र. सुरीकात्रीची भानगड नाही, म्हणून या वयाला हे सोयीचं.

तासाच्या शेवटी दोरीवर 32 लाटा वाळत होत्या आणि मला त्यातली एकही दुसऱ्यांदा बघावीशी वाटत नव्हती. सगळ्यांची लाट उजवीकडून येत होती, कारण ठसा उलटा छापतो हे मी सांगायला विसरले होते. मूळ चित्रात ती डावीकडून उसळते. मुलांनी नावं टाकली होती, त्यात 'आ'चा काना डावीकडे आणि वेलांट्या भलत्याच बाजूला. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. खटकलं ते दुसरंच. होकुसाईच्या चित्रात रेष रंगाची आहे, कारण कोरणारा रेष शिल्लक ठेवतो आणि आजूबाजूचं लाकूड काढून टाकतो. आमच्या फोमवर बरोबर उलट झालं होतं: रेष पांढरी आणि बाकी सगळा निळा गिलावा. म्हणजे ज्या चित्राची नक्कल करायची, त्याची भाषाच आमच्या साधनाला बोलता येत नव्हती.

आणि निम्म्याहून जास्त मुलांनी फुजी पर्वत काढलाच नव्हता. एकाला विचारलं तर म्हणाला, "ती मागची छोटी लाट आहे ना?" त्याचं फारसं चुकलं नाही. फुजी त्या चित्रात खरोखरच एका लाटेएवढा दिसतो, वरून त्याच्या शेंड्यावरचं बर्फ फेसासारखंच पांढरं. पण ही मालिका फुजीची आहे! 'फुजीची 36 दृश्यं' असं तिचं नाव, 1830 च्या आसपास ती निघू लागली, आणि इतकी खपली की पुढे आणखी 10 चित्रं वाढवून एकूण 46 झाली. लाटेच्या भव्यपणात मी मुलांना या गोष्टीतली खरी गंमत सांगितलीच नव्हती, की एकच डोंगर 46 ठिकाणांहून बघायचा.

घरी गेल्यावर मला यामामोतो कानाए आठवला आणि थोडी लाजच वाटली. या माणसाने 1904 मध्ये एका कोळ्याचं छोटं चित्र स्वतः काढलं, स्वतः कोरलं, स्वतः छापलं. तिथून जपानमध्ये 'सोसाकू-हांगा' म्हणजे स्वनिर्मित छापचित्रांची चळवळ सुरू झाली असं मानतात. पण शिक्षकांच्या दृष्टीने त्याचं दुसरं काम जास्त मोठं आहे. तेव्हा जपानी शाळांत चित्रकला म्हणजे पुस्तकातल्या नमुन्याची हुबेहूब नक्कल. फ्रान्सहून रशियामार्गे परतताना त्याने मॉस्कोमध्ये मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं, आणि 1919 मध्ये नागानो भागातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या स्वतःच्या मनच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. नमुना बाजूला ठेवा, मुलाला स्वतः बघू द्या, एवढंच त्याचं म्हणणं. आणि मी शंभरहून जास्त वर्षांनी, जपानी कलेच्याच नावाखाली, 32 मुलांना नमुना गिरवायला बसवलं होतं.

छापखाना उघडला

दुसऱ्या आठवड्यात लाट फळ्यावरून काढली नाही, पण तिच्याकडे बघायची पद्धत बदलली. हे चित्र कुणी केलं, असं विचारलं. सगळे ओरडले, होकुसाई! मग सांगितलं की होकुसाईने फक्त रेखाटन केलं. चित्र काढणारा 'एशी', लाकूड कोरणारा 'होरीशी', छापणारा 'सुरीशी' आणि या सगळ्यांना कामाला लावून, पैसे घालून, छाप विकणारा 'हानमोतो' म्हणजे प्रकाशक. चार माणसं, चार हात. मुलांना हे फारच आवडलं. विशेषतः प्रकाशक. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, असा एक छाप साधारण वाडगाभर सोबा नूडल्सच्या किमतीच्या आसपास मिळायचा, हे कळल्यावर तर प्रकाशक व्हायला रांग लागली.

आठ गट केले, प्रत्येकी चार जण. विषय एकच: शाळेच्या आवारातलं मोठं झाड. अट अशी, की झाड प्रत्येक चित्रात दिसलंच पाहिजे, पण मोठंच दिसलं पाहिजे असं नाही. यासाठी मी त्याच मालिकेतलं दुसरं चित्र दाखवलं: एक कारागीर प्रचंड लाकडी पिंपाच्या आत वाकून काम करतोय, पिंपाला तळ नाही, आणि त्या गोलातून लांबवर फुजीचा इवलासा त्रिकोण. एका गटाने लगेच सायकलच्या चाकातून झाड बघितलं. दुसऱ्याने वर्गातल्या बाकाखाली आडवं पडून, खिडकीच्या गजांतून. तो तास मी आजवर घेतलेल्या चांगल्या तासांपैकी एक. त्यात शाई नव्हतीच.

उलट्या चित्राचा प्रश्नही छापखान्याच्याच पद्धतीने सुटला. जपानी कोरणारा चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन लाकडावर पालथं चिकटवतो, त्यामुळे त्याला ते उलटं दिसतं आणि छापल्यावर सुलटं होतं. आम्ही ट्रेसिंग पेपर घेतला, पालथा घातला, मागून दिसणाऱ्या रेषा फोमवर दाबल्या. आपलंच झाड पलटलेलं बघून एक मुलगी म्हणाली, "हे आरशातलं झाड आहे." जाता जाता मी हेही सांगितलं की कोरताना ते मूळ रेखाटन लाकडाबरोबर कापलं जातं, म्हणजे संपतंच. त्यावर वर्गात एक क्षण शांतता होती. ती मी तेव्हा नीट ऐकली नाही.

छपाईचं फार लांबवत नाही, पण दोन गोष्टी कामाच्या आहेत. शाई किती घ्यायची हे डोळ्यापेक्षा कानाला कळतं. जास्त झाली की रोलर चिकट पच्चपच्च आवाज करतो आणि खाचा भरून जातात. बरोबर असली की बारीक चरचर ऐकू येते, बारीक पाऊस पडल्यासारखी. मी मुलांना डोळे मिटून रोलर फिरवायला लावला. पाण्याची शाई पटकन वाळते, तिच्यात ग्लिसरीनचे एकदोन थेंब टाकले की थोडा वेळ मिळतो. दुसरी गोष्ट, कागद नेमका कुठे ठेवायचा. जपानी ठशाच्या लाकडावरच दोन खुणा कोरलेल्या असतात, एक कोपऱ्यात काटकोनी आणि एक त्याच बाजूला सरळ. त्यांना 'केंतो' म्हणतात. कागदाची कड त्यांना भिडवली की प्रत्येक रंग आपापल्या जागी पडतो. आम्ही टेबलावर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवला, झाला आमचा केंतो. घासायला त्यांचा 'बारेन' असतो, बांबूच्या कोंबावरच्या सालपटात गुंडाळलेली चकती. आमच्याकडे कापडात बांधलेली पुठ्ठ्याची चकती होती, आणि तिची गाठ सैल झाली की मुलं सरळ तळहाताने घासत.

रंग एकच, निळा. ही काटकसर नव्हती. होकुसाईच्या त्या पहिल्या 36 चित्रांत कडांच्या रेषासुद्धा काळ्या नाहीत, निळ्या आहेत, आणि तो निळा बर्लिनमध्ये शोधलेला, जहाजातून आलेला, त्या काळी जपानात अगदी नवा असलेला रंग. म्हणजे जपानी म्हणून आपण ज्या निळ्यावर भाळतो तो जर्मन आहे. (मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. मला अजून वाटतं.)

अकरा पाखरं

आता तो गट. चित्र काढणारी मुलगी वर्गात चित्रांसाठीच ओळखली जाणारी. तिने झाड खालून वर बघत काढलं होतं, फांद्या कागदाबाहेर गेलेल्या, आणि फांद्यांवर 11 पाखरं, प्रत्येक नखाएवढं. शिवाय बुंध्यावर बोटाने पेन्सिल फासून मऊ सावली केली होती. चित्र सुंदर होतं. ठशासाठी अशक्य होतं. ते मला दिसायला हवं होतं, पण चित्र चांगलं आहे या आनंदात मी "वा!" म्हणून पुढच्या गटाकडे गेले.

कोरणारा डावखुरा, कमी बोलणारा मुलगा. त्याने दोन तासिका मान वर न करता काम केलं. पाखरांच्या रेषा इतक्या जवळ होत्या की फोमवर दाबताच एकमेकींत मिसळल्या. मग त्याने, त्याच्या मते शहाणपणा करून, प्रत्येक पाखराचा आतला भागही दाबून सपाट केला. छाप निघाला तेव्हा झाडावर 11 पांढरी भोकं होती. आणि सावली? सावलीला रेष नव्हती, म्हणून त्याने ती सोडूनच दिली होती.

त्यावर सुरुवातीला सांगितलेलं भांडण झालं, आणि त्यावर मी जे केलं ते चुकीचं होतं. मी त्या मुलाला म्हटलं, "तू तिला विचारायचं तरी होतंस. सॉरी म्हण." तो म्हणाला. मग त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि पुढचा अर्धा तास तो खिडकीतून बाहेर बघत बसला.

वळण दिलं ते प्रकाशकाने. तो फळ्यापाशी गेला आणि लाटेच्या डाव्या कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, इथे कुणाकुणाचं नाव आहे?"

तिथे चौकटीत चित्राचं आणि मालिकेचं नाव आहे, आणि शेजारी सही: होकुसाई हे नाव बदलून झालेला इइत्सू, त्याच्या कुंचल्यातून. कोरणाऱ्याचं नाव नाही. छापणाऱ्याचं नाही.

"मग हे चीटिंग आहे," तो म्हणाला.

खिडकीतून बाहेर बघणारा मुलगा वळला.

मी पाठ बाजूला ठेवला आणि मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. चित्रकार केस काढायचा तेव्हा एकेक केस काढत नसे. कुठे केस आहेत ते दाखवायचा, आणि कपाळावरच्या त्या केसांएवढ्या बारीक रेषा कोरणारा आपल्या हाताने उभ्या करायचा. कारखान्यात चेहरा आणि केस सगळ्यात जुन्याजाणत्या कारागिराकडे जात, कपडे आणि बाकीचं शिकाऊ पोरांकडे. आकाश वरून गडद आणि खाली फिकट होत जातं, ते हिरोशिगे या त्याच काळातल्या दुसऱ्या चित्रकाराच्या चित्रांत इतकं देखणं दिसतं, पण ते लाकडात कोरलेलं नसतं. छापणारा ओल्या लाकडावर रंग पुसत पुसत दर छापाला नव्याने करतो. आणि हो, 19व्या शतकाच्या मध्याला काही छापांवर कोरणाऱ्याचा छोटा शिक्काही दिसू लागतो.

"आपण पण करू ना शिक्के," छापणारी म्हणाली.

तसं ठरलं. फोमच्या उरलेल्या तुकड्यांवर प्रत्येकाने आपली खूण कोरली, नाव नाही, कारण उलट्या कान्याचा अनुभव ताजा होता. चंद्रकोर, पायाचा ठसा, एक नुसतं टिंब. छापाच्या खालच्या पट्टीत चार शिक्के, चित्र काढणारीपासून प्रकाशकापर्यंत. डावखुऱ्या मुलाने खूण म्हणून एक पांढरं भोक निवडलं. मी काही बोलले नाही. चित्र काढणाऱ्या मुलीने शिक्का केला, पण त्या छापावर मारला नाही. त्या गटाच्या छापांवर तीनच शिक्के आहेत, आणि मला वाटतं हा तिचा हक्क होता.

स्वतःच सगळं

पुढचे दोन आठवडे मी यामामोतोकडे वळले. आता प्रत्येकाने स्वतः काढायचं, स्वतः कापायचं, स्वतः छापायचं. फोम बंद. जपानी प्राथमिक शाळांत खालच्या वर्गांत 'कामी-हांगा' म्हणजे कागदी ठसे करतात आणि लाकूड वरच्या वर्गांत येतं, तोच मार्ग घेतला. जाड पुठ्ठ्यातून कात्रीने आकार कापायचे, दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे, वरून गोंदाचा पातळ हात देऊन वाळू द्यायचे म्हणजे शाई मुरत नाही. इथे उंच भाग छापतो. आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला रोलर पोचत नाही, त्यामुळे आकाराभोवती आपोआप एक पांढरी रेघ राहते. ती रेघ कुणी काढलेली नसते. मुलं तिच्यावर फिदा झाली.

काळ्या शाईत पातळ कागदावर छापलं. रंगांसाठी दुसरा ठसा करायला वेळ नव्हता, आणि 32 मुलांकडून दोन ठसे नेमके जुळवून घेण्याची हिंमतही नव्हती. इथे मुनाकाता शिको मदतीला आला. हा 1903 साली जन्मलेला चित्रकार, नजर इतकी कमजोर की नाक लाकडाला टेकेपर्यंत वाकून कोरायचा, आणि 1956 मध्ये व्हेनिसच्या 'बिएनाले' या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात छापचित्रांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. तो काळा छाप काढून कागदाच्या मागच्या बाजूने रंग लावायचा. रंग झिरपून पुढे येतो, मऊ होऊन, आणि काळी रेष त्याच्या वर अबाधित राहते. तिसरीच्या मुलांना ही युक्ती जादूसारखी वाटते: मागून रंगवायचं, पलटून बघायचं, पुन्हा मागून रंगवायचं.

त्या मुलीने परत तेच झाड घेतलं. पाखरं कापायला बसली. नखाएवढा पुठ्ठा कात्रीत धरला की चोच तुटते, शेपूट तुटते, उरतं एक गोटीसारखं काहीतरी. पहिली दोन तिने फेकली. तिसरं मोठं केलं, अंगठ्याएवढं. त्या दिवशी तिच्या झाडावर तीन पाखरं बसली. बुंध्यावर सावलीच्या जागी तिने कुरकुरीत चुरगळलेला कागद चिकटवला, आणि तो छापात सालीसारखा उमटला. शाई जरा जास्त झाली, एका पाखराचा डोळा भरून गेला. दुसरा छाप काढ म्हटलं, तर नको म्हणाली.

डावखुरा मुलगा मात्र दोन तासिकांत स्वतःचं काही काढू शकला नाही. पांढरा पुठ्ठा समोर, कात्री हातात, आणि काय काढू ते सुचेना. पण शेजारच्याला सायकलचं चाक कापता येत नव्हतं, ते त्याने एका दमात कापून दिलं, आरे सुद्धा. मग दुसरी आली, मग तिसरा. शेवटी त्याच्या बाकापाशी रांग होती. 'स्वतःच सगळं करा' हा नियम मी मोडू दिला. यामामोतो मला आवडतो, पण सगळी मुलं चित्रकार असतात असं समजणं हाही एक नमुनाच गिरवणं आहे. काहींचा हात दुसऱ्याच्या रेषेवरच जास्त खुलतो.

मूल्यमापनाचा रकाना भरताना मात्र माझी पंचाईत झाली. त्याच्या नावावर एकही पूर्ण चित्र नव्हतं, आणि इतरांच्या नऊ चित्रांत त्याने कापलेला तुकडा होता. रकान्यात मावत नाही म्हणून शेऱ्याच्या जागी मी त्या नऊ चित्रांचे क्रमांक लिहिले. परत करायचं झालं तर पहिल्याच दिवशी शिक्के करून घेईन, लाटेच्याही आधी. आणि चित्र काढणाऱ्याला आणि कोरणाऱ्याला एकाच बाकावर बसवेन, म्हणजे "ही पाखरं मावणार नाहीत" हे वेळेवर तोंडातून निघेल. माझ्या मांडणीत ते दोघं वर्गाच्या दोन टोकांना होते, तीही चूक माझीच.

शेवटच्या दिवशी छाप वाटले. फोमवर दहापंधरा छापांनंतर खाचा दबत जातात, त्यामुळे नंतरचे छाप अस्पष्ट. लाटेच्याही उशिराच्या प्रतींत नावाच्या चौकटीची रेष तुटलेली दिसते, हे सांगितल्यावर अस्पष्ट छापांनाही गिऱ्हाईक मिळालं. सगळं वाटून झाल्यावर त्या गटाचा फोमचा ठसा तेवढा उरला, निळा पडलेला, 11 खड्ड्यांचा. मुलगी म्हणाली, तो मला द्या. कोरणारा म्हणाला, कोरलाय मी. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रकाशकाकडे होतं. मीच कधीतरी सांगून बसले होते की एदोमध्ये कोरलेले ठोकळे प्रकाशकाच्या मालकीचे असत. त्याने ठसा वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात टाकला आणि दोघांना म्हणाला, "अजून छापायचे असतील तर मला विचारायचं."